पिवळ्या गोळ्या

माझ्या सासऱ्यांना म्हातारं व्हायचं नव्हतं. पुढे त्यांना व्हावंसं वाटू लागलं, तेव्हा मी होऊ दिलं नाही.

आता माझी सून रोज सकाळी माझ्या तळहातावर दोन गोळ्या ठेवते. एक हाडांची आणि एक, तिच्या म्हणण्याप्रमाणे, तरतरी येण्याची. हिच्यामुळे तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसाल, असं ती म्हणते आणि मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. पोरगी मनाने चांगली आहे. पण ती तशी उभी राहिली की मी तिच्याकडे बघत नाही, कारण तशीच मी उभी राहायचे. फरक एवढाच की माझ्या मनात चांगलं काही नव्हतं.

मी रेल्वेवाल्याची मुलगी. वडील नागपूरकडचे, नोकरी दुर्ग लाइनवर. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, पण खाली फरशी होती, अंगणात नळ होता आणि त्या नळाचा मला भयंकर गर्व होता. लग्न मात्र झालं भंडाऱ्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरात. मुलगा भिलाईला नव्या कारखान्याच्या बांधकामावर आहे, आज ना उद्या पक्का होईल, असं माझ्या वडिलांना सांगण्यात आलं. त्या ‘पक्का होईल’वर वडिलांनी मुलगी दिली. मी आले ती भिलाईतल्या रुआबांधा वस्तीच्या बाजूच्या झोपडीत. बांबूचे तट्टे, वर पत्रा, खाली शेणाची जमीन. पाण्यासाठी टँकरपुढे रांग. धूळ इतकी की सकाळी घासलेलं भांडं दुपारी पुन्हा घासावं लागे. नवरा ठेकेदाराच्या हजेरीवर होता. पहिल्या रात्रीपासून मी त्याला एकच विचारत होते, क्वार्टर कधी मिळणार?

सासू आमच्या लग्नाआधीच गेली होती. सासरे धान निघाल्यावर तांदळाचं पोतं घेऊन आठ दिवसांसाठी भेटायला आले आणि राहिले. मी त्यांना मामाजी म्हणायचे, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. तोंडाने म्हणायचे. मनात म्हणायचे, हे आणखी एक तोंड आलं आणि रांगेतली आणखी एक बादली वाढली.

त्यांचं वय त्यांनाही माहीत नव्हतं. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचं पहिलं मूल गेलं होतं, तेव्हा ते वीसेक वर्षांचे असतील, असा हिशेब धरला तर साठी गाठलेली होती. पण अंग चिवट होतं. पोट पाठीला लागलेलं, दंड दोरीसारखे पिळलेले. रिकामं बसवेना म्हणून तेही ठेकेदाराकडे विटा वाहायला जाऊ लागले. तिथे त्यांना तो रशियन दिसला.

कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहत होता, त्यामुळे त्या वेळी भिलाईत रशियन माणसं सगळीकडे दिसायची. हा होता पांढऱ्या केसांचा, लालबुंद, दाराएवढा. भर एप्रिलच्या उन्हात उघड्या अंगाने एका मचाणावरून दुसऱ्या मचाणावर चढत जायचा आणि वरून हसायचा. मामाजींनी दुभाष्याला गाठून त्याचं वय विचारलं. दुभाष्याने सांगितलं, साठ पूर्ण.

त्या दिवशी ते घरी आले ते बूट न झटकता. “माह्या बरोबरीचा आहे तो!” माझ्या नवऱ्याला म्हणाले. “माह्या! अन् मी कावून म्हातारा होऊन राहिलो?”

“तो मांस खाते, दारू पिते, बा,” नवरा म्हणाला.

“नाई. काईतरी औषध असन त्याच्यापाशी.”

झालं, डोक्यात बसलं ते बसलंच. रोज दुपारच्या सुट्टीत ते त्या रशियनच्या आसपास घुटमळायचे. तो डब्यातून काय काढतो, काय गिळतो, हे बघायचे. त्याला विडी द्यायचे. एक दिवस त्या माणसाने खिशातून काचेची छोटी बाटली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. आत पिवळ्या गोळ्या होत्या, तुरीच्या दाण्याएवढ्या. बाटलीवरची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता येईनात. दुभाष्या म्हणाला, व्हिटॅमिन आहे, ताकदीचं. मामाजींनी ती बाटली धोतराच्या सोग्यात बांधून दोन मैल चालत आणली.

मग सुरू झाला सोहळा. पहाटे आंघोळ. सूर्याकडे तोंड करून पाण्याची ओंजळ. बाटलीचं बूच काढायचं, उजव्या तळहातावर एक गोळी घ्यायची, तीर्थ घ्यावं तशी तोंडात सोडायची, चावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. कुणी बोललं तर हाताने गप्प करायचे. गोळी अंगात उतरताना बोललं तर ती वाया जाते, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. बाजारात जडीबुटीवाल्याकडून शिलाजित आणलं. केसांना काजळी आणि तेल चोपडायला लागले. कामावर घाम आला की ती काजळी कानामागून मानेवर, मानेवरून सदऱ्यावर उतरायची, आणि सदरा धुवायचा मी.

रांगेत उभ्या बायकांना मी त्यांची नक्कल करून दाखवायचे. डोळे मिटून, छाती पुढे काढून, बादली डोक्यावर धरून. छत्तीसगढी बायका पोट धरून हसायच्या. “डोकरा ह जवान होगे ओ!” म्हणायच्या, म्हातारा जवान झाला गं. एकदा ते मागे उभे होते. त्यांनी पाहिलं. माझ्या हातातली भरलेली बादली घेतली आणि घरापर्यंत नेली. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, बरं झालं, हात मोकळे झाले.

दोन-अडीच महिन्यांत गोळ्या संपत आल्या. रशियन दुसऱ्या कामावर गेला होता. मामाजी रोज बाटली उजेडात धरून बघायचे आणि एक दिवसाआड गोळी घ्यायला लागले. तोंड उतरलं, विटा कमी उचलल्या जातात म्हणून कुरकुर सुरू झाली. मी आणि नवरा एका दुपारी बसलो होतो. मला एकदम सुचलं. डाळीचं पीठ घेतलं, हळद घेतली, गुळाचं थोडं पाणी घेतलं आणि तुरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या वळल्या. सुपात घालून उन्हात वाळवल्या. रंग अगदी जमला. मामाजी कामावरून यायच्या आत बाटली अर्धी भरून ठेवली. नवरा म्हणाला, “सांगू, रशियननं दुभाष्याच्या हातानं धाडल्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तट्ट्याच्या फटीतून बघत होतो. त्यांनी गोळी तोंडात टाकली, चावली, क्षणभर थांबले. मग डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मी तोंडात पदर कोंबला होता. नवऱ्याला हसू आवरेना म्हणून तो मागच्या दाराने बाहेर पळाला.

संध्याकाळी येऊन म्हणाले, “ह्या खेपेच्या गोळ्या जोरदार आहेत वो बाई. अंगात ताकद येऊन राहिली.”

ते आमच्या लग्नातलं सगळ्यात हसरं वर्ष होतं, हे मी खोटं कशाला बोलू. नवऱ्याचं आणि माझं दुसऱ्या कशावर पटत नव्हतं. पण पंधरवड्याला एकदा गोळ्या वळायला बसलो की आम्ही दोन पोरांसारखे खिदळायचो. त्या गोळ्या मी कधी चाखून मात्र पाहिल्या नाहीत. कुत्र्याला भाकरी टाकताना आपण ती चाखतो का?

मग पक्की भरती निघाली. कुणीतरी पसरवलं की पंचेचाळिसाच्या वर असला तर फाटकातूनच परत पाठवतात. नवऱ्याचं नाव यादीत होतंच; मामाजीही सदरा घालून, केसांना ताजी काजळी लावून निघाले. आम्ही हसलो. म्हटलं, जाऊ दे, तेवढीच करमणूक.

त्या काळी आमच्या लोकांकडे जन्माचा कागद कुठला? टेबलामागचा कारकून विचारायचा, किती वय? माणूस आपल्या गरजेप्रमाणे सांगायचा, कारकून मान वर करून एकदा बघायचा आणि लिहायचा. तेच वय जन्मभराचं. मामाजींनी छाती काढून सांगितलं, चव्वेचाळीस. कारकुनाने बघितलं आणि लिहिलं. मागे माझा नवरा उभा. त्याने खरं वय सांगितलं, एकतीस. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसायला लागला. म्हणाला, म्हणजे तेराव्या वर्षी बाप झाला काय हा? मामाजी घाबरले. माझ्या नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाले, “ह्याले समजत नाई साहेब, लहान आहे. चोवीस लिवा.” तशी माझ्या नवऱ्याची सात वर्षं जागच्या जागी उडाली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची. कागदावर मी नवऱ्यापेक्षा मोठी झाले.

पुढे डॉक्टरी तपासणी होती. मामाजींची छाती मोजली, डोळे पाहिले, वजन उचलायला लावलं, पळवलं. ते पास झाले. माझ्या नवऱ्यापुढे रंगीत लोकरीच्या लडी ठेवल्या आणि लाल वेचायला सांगितल्या. त्याने लाल वेचल्या आणि त्यांच्यात तीन हिरव्या घातल्या. एकतीस वर्षं या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं की त्याला लाल-हिरवं कळत नाही. तो नापास झाला.

त्या दिवसानंतर माझा नवरा बापाशी सरळ बोलला नाही. शब्द बोलायचा, पण प्रत्येक शब्दाला धार असायची. मामाजी बिचारे गुन्हा केल्यासारखे वावरत होते. एकदा म्हणाले, “मी नाई म्हनून देतो त्याईले. तुलेच घ्या म्हनतो.” नवरा म्हणाला, “तुमी जवान आहा ना, बा? करा नोकरी.”

मामाजींना कोक ओव्हनमध्ये खलाशी, म्हणजे ओझी ओढणारा मजूर, म्हणून घेतलं. कोळसा भाजून कोक करायची ती जागा. तिथली धग कपड्याला चिकटून घरी यायची. आणि काही महिन्यांनी त्यांच्या नावावर क्वार्टर निघालं. दोन खोल्या, फरशी, विजेचा दिवा आणि मागच्या अंगणात नळ. मी नळ उघडला आणि पाणी आल्यावर तिथेच बसून रडले. मग मामाजींच्या पाया पडले. मनापासून पडले असं तेवढंच एकदा. ते म्हणाले, “गोळ्यांची करामत आहे बाई.” मी मान हलवली.

पहिली तीन वर्षं त्यांनी खेचली. चौथ्या वर्षी गुडघे बोलायला लागले. सायकलवरून उतरताना आधी दांडीला धरून उभे राहायचे, मग दुसरा पाय काढायचे. खोकला आला की भिंतीला हात लावायचे. हात कापायचा म्हणून चहा बशीत न ओतता कपातूनच प्यायचे. कागदावर अठ्ठेचाळीस, खरं म्हणाल तर पासष्टी मागे पडली होती. कागदाप्रमाणे सुटका व्हायला अजून दहा वर्षं होती.

एका रविवारी जेवताना त्यांनी विषय काढला. गावाकडे धाकट्या भावापाशी जावं म्हणतो. बांधावर मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली खाट टाकीन. ताट पुढे ठेवून ते जेवत नव्हते, आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते.

“अन् क्वार्टर?” नवरा म्हणाला.

“तुमी काई पाहा ना दुसरं.”

“नोकरी सोडली का महिन्यात खाली करा म्हनतीन. पोरी घेऊन कुठं जाऊ? पुन्हा तट्ट्यात?” तोवर मला दोन मुली झाल्या होत्या.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वाढत होते. मी म्हटलं, “मामाजी, तुमाले अशक्तपणा आला आहे. उद्यापासून दोन-दोन गोळ्या घ्या.”

आणि दोन-दोन सुरू केल्या. गंमत इथे संपली होती. आता मीच बाटली घेऊन उभी राहायचे. सूर्याला पाणी सोडायला उशीर झाला तर ओरडायचे. “तोंड उघडा, शिफ्टचा टाइम होऊन राहिला.” ते तोंड उघडायचे. दर रविवारी अंगणात नळाजवळ बसवून त्यांच्या डोक्याला काजळी चोपडायचे. मान हलवली तर मानगूट धरायचे, कारण पांढरे केस दिसले तर कुणाला तरी संशय येईल, चौकशी होईल, क्वार्टर जाईल. त्यांच्या मानेची कातडी सैल होती, बोटांत गोळा व्हायची. मला किळस यायची. त्या किळसेपायी मी आणखी जोरात चोपडायचे.

एकदा तसंच बसलेले असताना ते म्हणाले, “आता मले म्हातारा होऊ दे ना वो बाई.”

मी म्हटलं, “हौस तुमचीच होती.”

खरं होतं ते, आणि खरं असल्यामुळेच मी ते बोलले.

पुढच्या उन्हाळ्यात ते कामावर चक्कर येऊन पडले. त्यांना दवाखान्यात नेलं. नवऱ्याला ठेकेदाराने सोडलं नाही, म्हणून मी गेले. पलंगावर ते खूप लहान दिसत होते. घामाने काजळी पूर्ण उतरून उशीला लागली होती आणि डोक्यावर कापसासारखे केस उभे होते. डॉक्टर तरुण होते, भले वाटले. हातात कागद घेऊन ते एकदा कागदाकडे आणि एकदा पलंगाकडे बघत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “इनकी सही उमर क्या है?” कागदावर एकोणपन्नास आहे, पण हे शरीर एकोणपन्नासचं वाटत नाही. खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही. वय झालेलं असेल तर मी लिहून देतो की हे काम यांना जमणार नाही, यांना आरामात घरी बसू दे.

मामाजी जागे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले नाहीत, पण ते काय मागत होते ते दोन वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. माझ्या एका शब्दाने ते त्या मोहाच्या झाडाखाली जाऊन पडले असते.

माझ्या डोळ्यांपुढे नळ आला. अगदी खरं सांगते. पितळी तोटीचा, थेंबथेंब गळणारा माझा नळ.

मी म्हटलं, “एकोणपन्नासच. शेतात उन्हात राबलेलं अंग आहे, म्हणून तसं दिसतं.”

डॉक्टरांनी लिहिलं. अशक्तपणा. पंधरा दिवस विश्रांती, नंतर कामावर हजर. आणि एक टॉनिक, दोन चमचे, दोन वेळा.

मामाजींनी मान पुन्हा भिंतीकडे वळवली.

ते पंधरा दिवस ते जे जगले ते मात्र मी विसरू शकत नाही. मी काजळी लावली नाही, सुट्टी आहे म्हणून. केस पांढरेशुभ्र झाले, दाढी वाढली. जवळच्या कुरुद गावाकडून एक म्हातारा भाजी घेऊन आमच्या ओळीत यायचा, तो टोपली ठेवून त्यांच्यापाशी बसू लागला. दोघं गुडघे, खोकला आणि धानाची कीड यांवर बोलायचे. तो मामाजींना ‘डोकरा’ म्हणायचा, आणि मामाजी खूश व्हायचे. माझ्या मुली त्यांच्या दाढीला वेण्या घालायच्या. त्यांना दुपारी झोप लागू लागली. काठी कुठून तरी मिळवली आणि गरज नसताना ती टेकत अंगणभर फिरायचे. एखाद्याला नवी सायकल मिळावी, तसा त्यांना त्या काठीचा आनंद झाला होता.

पंधराव्या दिवशी दुपारी मी नळाजवळ पाट ठेवला आणि काजळीची वाटी आणली. ते स्वतःच येऊन बसले. मी दाढी करवली, केस काळे केले, काठी दाराआड ठेवली. त्याच दुपारी गोळ्याही नव्याने वळल्या, भरपूर. आता टॉनिक आहे आणि गोळ्याही आहेत, अजून चार-पाच वर्षं सहज निघतील, असा विचार मनात आल्याचं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट. मी आधी चमचा दिला, मग बाटलीतल्या दोन गोळ्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या लगेच तोंडात टाकल्या नाहीत. बोटाने तळहातावर फिरवत राहिले.

“किती बारीक वळते वो तू,” ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“पयल्याच दिवशी समजलं होतं मले. तुह्या बोटाईले हळद होती, नखात पीठ होतं. त्या रशियनच्या गोळीले तर काई चवच नवती.”

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “मग खाल्ल्या कावून?”

ते हसले. चेष्टेने हसले असते तर बरं झालं असतं. “माह्यासाठी एवढ्या मेहनतीनं कोनं कधी काई वळलं, सांग बरं? माय लहानपनी गेली. तुही सासू शेतातून आली का थकून झोपे. मले वाटलं, पोरीले माही कदर आहे. उन्हात बसून वळून राहिली. मनलं, सांगितलं तं शरमन, अन् बंद करन.”

त्यांनी दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या आणि हळूहळू चावल्या. डोळे मिटून उभे राहिले, त्या पहिल्या दिवसासारखे. मला काही तरी बोलायला हवं होतं.

मी म्हटलं, “चला, सायकल काढा. टाइम झाला.”

त्यांनी सायकल काढली.

दुपारी बारा-साडेबाराला दोन माणसं आली. मामाजी कामाच्या जागेपर्यंत गेलेच नव्हते म्हणे. फाटकाच्या आत बाकावर टेकले, हजेरीचं टोकन हातात धरून. सगळ्यांना वाटलं दम खात आहेत. तासाभराने कुणीतरी हलवून पाहिलं.

माणसं जमायला लागली तेव्हा अंगणात सूप तसंच पडलं होतं, आदल्या दिवशीच्या गोळ्या वाळत घातलेलं. मला पहिलं रडू आलं नाही. मला पहिलं हे सुचलं की कुणी विचारलं तर काय सांगू? मी सूप उचललं, गोळ्या पदरात ओतल्या आणि घाईने कोठीत लपवून आले. मगच मोठ्याने रडले.

संध्याकाळी स्मशानात नोंद करणाऱ्याने वय विचारलं. आमच्या गावचा एक म्हातारा बरोबर होता, तो म्हणाला, सत्तरच्या घरात असेल, आम्ही बरोबरीने गुरं राखलीत. माझ्या नवऱ्याने त्याला गप्प केलं. कागदाला कागद जुळला पाहिजे म्हणून तो म्हणाला, एकोणपन्नास. घरी येऊन त्याने मला हे सांगितलं आणि मग बापाची काठी छातीशी धरून, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं असा, ओरडून ओरडून रडला.

क्वार्टर महिन्यात खाली करायला लागलं. एवढं करून ते गेलंच. सामान बांधताना कोनाड्यात ती काचेची बाटली सापडली, आत आठ-दहा गोळ्या होत्या. मुली गाडीत बसल्या होत्या, नवरा हाक मारत होता. मी नळ शेवटचा बंद केला, बूच काढलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा एक गोळी तोंडात टाकून चावली.

हळद फार जास्त झाली होती आणि गूळ नावालाच होता. गोळी इतकी कडू होती की मी ती तिथेच थुंकले.